हिमपुष्पाची चळवळ

विलायतेंत हिंवाळा सरत आला म्हणजे, जमिनीवरचें बर्फ पुरतें वितळलेंही नसतें अशा वेळीं, वीतभर उंचीचें एक रोप मान खालीं घातलेलें पांढरें फूल घेऊन वर येतें. इंग्रजींत त्यास स्नोड्रॉप म्हणतात. वनस्पतिशास्त्रांतील त्याचें नांव ग्रीक भाषेंतून आलेलें असून त्याचा अर्थ ‘दुग्धपुष्प’ असा होतो. आपल्या कोंकणांत किंवा देशावर तें दृष्टीस पडावयाचें नाहीं, म्हणून ह्या लेखापुरतें मीं त्यास हिमपुष्प म्हटलें आहे. १९९६ सालच्या मार्च महिन्यांत स्कॉटलंडमधील कांहीं बायकांनीं पार्लमेंटाकडे एक अर्ज करण्याचें योजिलें, तेव्हां त्यास नांव काय द्यावें हा प्रश्न निघाला. त्या दिवसांत बागांतून फुललेलें असें एवढेंच एक फूल होतें, तेव्हां अर्जास तेंच नांव मिळालें. पुढें दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत ब्रिटनमधील खाजगी पिस्तुलांचा बाजार जवळजवळ उठला. हें कसें घडलें, आणि इतर देशांतील सामान्य माणसांच्या अशाच खटपटी कोठें फळास आल्या व कोठें नाहीं, हें सांगण्याचा आज विचार आहे.

डनब्लेन हें स्टर्लिंग शहराजवळचें, जुन्या कॅथीड्रलामुळें प्रसिद्ध असलेलें एक लहानसें गांव. वस्ती आठनऊ हजारांच्या आंतबाहेर. बुधवार, ता. १३ मार्च १९९६ रोजीं सकाळीं साडेनवाच्या सुमारास तेथील प्राथमिक शाळेच्या व्यायामगृहांत पहिलीच्या वर्गाचा तास सुरू होत होता. मुलें पांच-सहा वर्षांचीं. इतक्यांत एक मनुष्य आंत शिरला. त्याच्याजवळ दोन पिस्तुलें, दोन रिव्हॉल्व्हर आणि सातशेंहून अधिक काडतुसें होतीं. तीन-चार मिनिटांच्या अवधींत त्यानें १६ मुलें व त्यांची शिक्षिका ह्यांस ठार केलें, आणखी पंधरा जणांस जखमी केलें, आणि अखेरीस स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याचें नांव मी येथें लिहीत नाहीं. आपलें नांव लोकांच्या ओठीं राहावें हीच अशा माणसांची पुष्कळदां इच्छा असते. ती पुरविण्याचें आपणांस कारण नाहीं.

मी छत्तीस वर्षें वर्गावर उभा राहून हजेरी घेतली. पहिलीच्या वर्गाची हजेरी म्हणजे काय प्रकार असतो हें शिक्षकासच ठाऊक. नांव पुकारावें तर अर्धीं मुलें दुसऱ्याच्या नांवाला ‘हजर’ म्हणतात, आणि उरलेलीं उभीं राहून आपल्या नव्या चपला दाखवितात. डनब्लेनच्या त्या वर्गांतील निम्म्याहून अधिक नांवें एका सकाळीं हजेरीपटावरून गेलीं. तें व्यायामगृह पुढें पाडून टाकण्यांत आलें.

ह्या सर्व प्रकारांत लोकांच्या मनास विशेष झोंबलेली गोष्ट ही कीं, त्या माणसाजवळचें प्रत्येक हत्यार कायदेशीर होतें. पोलिसांनींच दिलेला परवाना त्याच्याजवळ होता व तो वेळोवेळीं नवा करून मिळत गेला होता. हा मनुष्य पूर्वीं बालवीरांच्या पथकाचा नायक असे. त्याच्या वर्तनाविषयीं तक्रारी आल्यावरून १९७४ सालीं त्यास तेथून काढण्यांत आलें होतें. १९९१ सालीं एका पोलीस अधिकाऱ्यानें, ह्या माणसाचा परवाना काढून घेण्याचा विचार व्हावा, असें वरिष्ठांस लेखी कळविलें होतें. त्या लेखाचें पुढें कांहीं झालें नाहीं, आणि १९९५ सालीं परवान्याची मुदत पुन्हां वाढली. दप्तरांत कागद होता, पण त्या कागदानें कोणाचा हात हलला नाहीं. सरकारी दप्तराशीं ज्यांचा म्हणून संबंध आला आहे, त्यांस ह्यांत नवल वाटूं नये.

त्यापूर्वीं १९८७ सालीं इंग्लंडांत हंगरफर्ड येथें अशाच एका परवानेवाल्यानें १६ माणसें मारलीं होतीं. त्यावर १९८८ चा कायदा होऊन अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली. त्या मारेकऱ्याजवळ पिस्तुलही होतें. तरी पिस्तुलांस कोणी हात लाविला नाहीं. सरकारनें कायदा केला, वर्तमानपत्रें शांत झालीं, आणि लोक आपापल्या उद्योगास लागले. डनब्लेननंतरही कदाचित् असेंच झालें असतें. फरक पडला तो अॅन पिअर्स्टन नांवाच्या एका बाईनें आणि तिच्या मैत्रिणींनीं केलेल्या त्या अर्जामुळें.

अर्जांत मागण्या तीनच होत्या. खाजगी माणसानें पिस्तुल बाळगणें बेकायदा ठरवावें, ही पहिली. नेमबाजीच्या छंदासाठीं जीं हत्यारें वापरावयाचीं, तीं मंडळाच्या जागेंतच कुलुपांत राहावींत व त्यांची चाप-यंत्रणा काढून ठेवलेली असावी, ही दुसरी. आणि सर्वच बंदुकांच्या परवान्यांची तपासणी अधिक कडक व्हावी, ही तिसरी. शेतकऱ्याची छऱ्याची बंदूक काढून घ्या असें त्यांत कोठेंही म्हटलें नव्हतें. जगांतून शस्त्रें नाहींशीं करा असा उपदेशही नव्हता. मला ह्या अर्जाचें मोठें शहाणपण ह्यांतच दिसतें. आपल्याकडील सभांतून होणारे ठराव ज्यांनीं ऐकले आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, मागणी जितकी विस्तृत तितकी ती टाळणें सरकारास सोपें जातें. ‘समाजांतील हिंसा थांबवा’ ह्या मागणीस कोणताही मंत्री आनंदानें मान डोलावील. ‘पिस्तुल ठेवूं देऊं नका’ म्हटलें म्हणजे त्यास होय किंवा नाहीं म्हणावें लागतें.

यंत्राच्या पडद्यावर बोट टेकून सही करण्याची सोय तेव्हां नव्हती. कागदावर शाईनें केलेल्या सह्या, अशा सात लाखांहून अधिक जमल्या. साऱ्या स्कॉटलंडची लोकसंख्या त्या वेळीं पन्नास लाखांच्या घरांत होती हें ध्यानांत घ्यावें. अर्थात् सह्या सर्व ब्रिटनभर झाल्या. मुलें गमावलेले आईबाप ह्या कामांत पुढें आले, आणि त्याच सालीं वकील, अध्यापक व मृतांचे आप्त ह्यांनीं मिळून बंदुकांवरील नियंत्रणासाठीं एक कायमची संस्थाही काढली. शरदृतूंत मजूर पक्षाच्या वार्षिक परिषदेपुढें पिअर्स्टनबाईंचें भाषण झालें, तेव्हां सभागृहांतील पुष्कळांच्या डोळ्यांस पाणी आलें असें वर्णन आहे. निवडणूक पुढच्या वर्षीं व्हावयाची होती. तेव्हां डोळ्यांतल्या पाण्याबरोबर हिशेबही थोडा असेल. असला तरी त्यांत वाईट तें काय? लोकांच्या सहीस किंमत असावी म्हणूनच तर निवडणुका असतात.

विरोध झाला, आणि तो निव्वळ दुष्टपणाचा नव्हता. नेमबाजी हा त्या देशांतील हजारों गृहस्थांचा जुना छंद. त्यांचें म्हणणें असें कीं, अपराध एकाचा आणि शिक्षा आम्हां सर्वांस, हा कोणता न्याय? दोष माणसाच्या मनांत आहे, लोखंडांत नाहीं. कॉमन्स सभेच्या गृहखात्याविषयींच्या समितींतील बहुमतानें १९९६ च्या ऑगस्टांत पिस्तुलबंदीच्या विरुद्ध शिफारस केली. डिसेंबर महिन्यांत राणीचे यजमान प्रिन्स फिलिप ह्यांनींही एका मुलाखतींत विचारलें कीं, उद्यां कोणी क्रिकेटची बॅट घेऊन शाळेंत शिरला व त्यानें माणसें मारलीं, तर काय बॅटींवर बंदी घालणार? तर्कशास्त्राचीं चार पानें चाळलेल्या विद्यार्थ्यानें ह्यास दृष्टांताभास म्हटलें असतें. बॅट चेंडू मारण्याकरितां घडविलेली असते; पिस्तुल कशाकरितां घडविलेलें असतें तें सांगावयास नको. शिवाय तीन-चार मिनिटांत सतरा जीव बॅटीनें घेतां येत नाहींत; तेवढ्या वेळांत तो मास्तर तरी तिचें दुसरें टोंक धरतो.

परंतु ‘निर्दोषास शिक्षा कां’ हा प्रश्न एवढ्यानें सुटत नाहीं, आणि तो हंसण्यावारी नेणें मला योग्य वाटत नाहीं. एखाद्या गृहस्थानें तीस वर्षें सचोटीनें बाळगलेली आवडती वस्तु दुसऱ्याच्या पापासाठीं त्याच्या हातांतून काढून घ्यावयाची, हा त्याच्यावर अन्याय आहेच. प्रश्न एवढाच कीं, हा अन्याय आणि तो हजेरीपट ह्यांत तराजूचें पारडें कोणत्या बाजूस झुकतें. डनब्लेनच्या आईबापांनीं आपलें पारडें लोकांपुढें ठेविलें. लोकांनीं निर्णय दिला, आणि ज्यांचीं पिस्तुलें गेलीं त्यांस सरकारी तिजोरींतून भरपाई मिळाली.

चौकशीसाठीं नेमलेले न्यायाधीश लॉर्ड कलन ह्यांचा अहवाल १९९६ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झाला. त्यांनींही संपूर्ण बंदी सुचविली नव्हती. पिस्तुलाचे भाग सुटे करून ठेवण्यासारखे उपाय त्यांनीं पुढें मांडले होते. सरकार अहवालाच्या पुढें गेलें, हें मुख्यतः त्या सह्यांचें बळ. १९९७ च्या फेब्रुवारींत जॉन मेजर ह्यांच्या हुजूरपक्षीय सरकारनें मोठ्या नळीच्या पिस्तुलांवर बंदी घातली. मे महिन्यांत टोनी ब्लेअर अधिकारावर आले आणि वर्ष संपण्यापूर्वीं दुसरा कायदा होऊन बावीस बोअरचीं लहान पिस्तुलेंही बंद झालीं. उत्तर आयर्लंडास हे कायदे लागू नाहींत. इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंड मिळून १ लाख ६० हजारांहून अधिक पिस्तुलें लोकांनीं पोलिसांच्या स्वाधीन केलीं. ब्रिटिश नेमबाजांस पिस्तुलाच्या स्पर्धेचा सराव परदेशीं जाऊन करण्याची पाळी आली, आणि पुढें मँचेस्टर व लंडन येथें खेळांचे सामने भरले तेव्हां त्यापुरती खास सवलत द्यावी लागली.

आतां फळाविषयीं. कायदा झाला आणि गुन्हे थांबले, असें म्हणणें खोटें होईल. पुढील पांच-सहा वर्षें बंदुकीच्या गुन्ह्यांचा नोंदलेला आंकडा इंग्लंडांत उलट वाढतच गेला. कारण चोरवाटेनें आलेलीं व नकली म्हणून विकलीं जाणारीं हत्यारें टोळ्यांच्या हातीं होतीं. तो आंकडा नंतर उतरूं लागला. २०१० सालीं कंब्रिया परगण्यांत १२ व २०२१ सालीं प्लिमथ येथें ५ माणसें परवान्याच्याच बंदुकांनीं मारलीं गेलीं, पण त्या बंदुका पिस्तुलें नव्हत्या. शाळेंत शिरून मुलांवर गोळ्या झाडण्याचा प्रकार मात्र डनब्लेननंतर ब्रिटनमध्यें पुन्हां झाला नाहीं. त्या दिवशीं शाळेंत असलेला आठ वर्षांचा एक मुलगा, अँडी मरे, पुढें २०१३ सालीं विंबल्डनचा विजेता झाला. उरलेलीं सोळा काय झालीं असतीं, हा विचार त्या गांवच्या लोकांच्या मनांत तेव्हां आल्यावांचून राहिला नसेल.

हत्यार घरांत असणें आणि मनांत उतरणें ह्यांचा संबंध काय, ह्याविषयीं आपल्याकडे एक फार जुनी कथा आहे. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडांत ती सीतेच्या तोंडीं आली आहे. कीर्तनकार ती फारशी सांगत नाहींत. दंडकारण्यांत शिरतांना सीता रामचंद्रास म्हणते कीं, पूर्वीं एक तपस्वी होता. त्याच्या तपांत विघ्न आणावें म्हणून इंद्र योद्ध्याच्या रूपानें आला आणि आपलें खड्ग त्याच्याजवळ ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव हरवूं नये ह्या काळजीनें तो ऋषि फळें-मुळें आणावयास जातांनाही खड्ग बरोबर नेऊं लागला. हळूहळू त्याची बुद्धि क्रूर झाली, तप सुटलें, आणि शेवटीं तो नरकास गेला. इंद्रानें त्यास मोह दाखविला नाहीं, शिव्या शिकविल्या नाहींत. नुसती ठेव ठेविली. सीता काहीं शस्त्रांचा सर्वस्वीं निषेध करीत नाहीं. अयोध्येस परत गेल्यावर क्षात्रधर्म आचरावा, येथें वनांत निर्वैर लोकांवर धनुष्य उचलूं नये, एवढेंच तिचें म्हणणें. रामचंद्रांनीं ऋषींस दिलेल्या वचनाचें कारण सांगितलें व तें तिला मान्य करावें लागलें. तरी शंका विचारली ती घरच्या बाईनें, हें माझ्या वाचकभगिनींनीं लक्षांत ठेवावें. कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्यांतही बहुतेक ठिकाणीं हेंच दिसेल.

येथें आपल्या देशाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रजांनीं आम्हांस निःशस्त्र केलें, हें शल्य आपल्या वाडवडिलांच्या उरांत होतें. आरंभापासून काँग्रेसनें त्याविरुद्ध ठराव केले, आणि १९३१ च्या कराची येथील ठरावांत शस्त्र बाळगण्याचा हक्कही गणला होता. तेव्हां शस्त्रबंदी म्हणजे सुधारणाच, असें आम्हीं डोळे मिटून म्हणूं नये. परकी राज्यकर्त्यानें प्रजेच्या भीतीनें शस्त्रें काढून घेणें निराळें, आणि स्वतंत्र प्रजेनें आपल्या मुलांसाठीं तीं आपण होऊन ठेवून देणें निराळें. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. लग्नकार्यांत हौसेनें हवेंत गोळ्या झाडणें हा २०१९ च्या दुरुस्तीनें स्वतंत्र गुन्हा ठरला आहे.

डनब्लेननंतर सहाच आठवड्यांनीं, २८ एप्रिल १९९६ रोजीं, ऑस्ट्रेलियांत टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर येथें एका तरुणानें ३५ माणसें मारलीं. तेथील पंतप्रधान जॉन हॉवर्ड ह्यांनीं बारा दिवसांत सर्व प्रांतिक सरकारांकडून एकच धोरण मान्य करून घेतलें. ह्याचें श्रेय हॉवर्ड ह्यांस दिलेंच पाहिजे. त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे शेतकरी मतदार खवळले होते आणि एका सभेंत ते अंगरख्याखालीं गोळी अडविणारें कवच घालून उभे राहिले होते. पण बारा दिवसांत कायद्याचा सांगाडा कोठून आला? तो तयार होता. रिबेका पीटर्स व त्यांचे सहकारी वर्षानुवर्षें प्रत्येक प्रांताच्या कायद्यांतील भोंकें दाखवीत, लेख लिहीत, मंत्र्यांचे उंबरठे झिजवीत आले होते. तहान लागल्यावर विहीर खणणारे पुष्कळ. ह्यांनीं ती आधींच खणून ठेविली होती. सुमारें साडेसहा लाख बंदुका सरकारनें पैसे देऊन विकत घेतल्या व मोडून टाकल्या.

आफ्रिकेंतील माली देशांत त्याच मार्च महिन्याच्या २७ तारखेस टिंबक्टू येथें बंडखोरांनीं दिलेल्या सुमारें तीन हजार हत्यारांची जाहीर होळी झाली. त्यापूर्वीं गांवोगांवच्या वडीलधाऱ्यांनीं एकत्र बसून जमातींचे तंटे मिटविले होते, म्हणून ती होळी पेटूं शकली.

ब्राझीलची हकीकत ह्याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. रिओ शहरांत ‘व्हिव्हा रिओ’ नांवाच्या संस्थेनें पुढाकार घेतला, आणि २००१ च्या जून महिन्यांत एक लक्ष हत्यारें लोकांसमक्ष चिरडण्यांत आलीं. त्याच सालीं मातृदिनाच्या निमित्तानें स्त्रियांची एक मोहीम निघाली होती. तिचा आशय असा कीं, बायकोनें नवऱ्यास, आईनें मुलास, बहिणीनें भावास स्पष्ट सांगावें: घरांत एक तर ती बंदूक राहील, नाहीं तर मी. २००३ च्या अखेरीस कडक कायदा झाला. पुढें लोकांनीं चार लाखांहून अधिक बंदुका आपण होऊन परत केल्या, आणि बंदुकीनें मरणाऱ्यांची संख्या पुष्कळ वर्षांनीं प्रथमच खालीं आली. येथपर्यंत सर्व नीट चाललें. मग २३ ऑक्टोबर २००५ रोजीं, बंदुकांची विक्रीच सर्वस्वीं बंद करावी कीं काय, ह्यावर साऱ्या देशाचें मत घेण्यांत आलें. कांहीं महिन्यांपूर्वीं लोकमत बंदीच्या बाजूचें दिसत होतें. प्रत्यक्षांत शेंकडा ६४ लोकांनीं ‘नको’ म्हटलें.

असें कां व्हावें? विरुद्ध पक्षाकडे पैसा होता हें खरें, पण पैशानें एवढा कौल फिरत नाहीं. ज्या वस्तींत रात्रीं दरोडा पडला तर पोलीस सकाळीं येतात, किंवा येऊन दरोडेखोरांशींच हातमिळवणी करतात, तेथला गृहस्थ विचारतो कीं, माझ्या दाराशीं उभें कोण राहणार? ह्या प्रश्नास चळवळवाल्यांकडे उत्तर नव्हतें. डनब्लेनच्या नागरिकाचा पोलिसावर राग होता, तो निष्काळजीपणाबद्दल; रिओच्या नागरिकाचा पोलिसावर विश्वासच नव्हता. राज्य आपलें रक्षण करील ही खात्री असल्याशिवाय कोणी उशाची काठी बाजूस ठेवीत नाहीं, मग बंदूक कसची ठेवील! २००३ चा कायदा मात्र टिकला. २०१९ पासून पुढील सरकारनें त्यास फटी पाडल्या आणि २०२३ सालीं त्या पुन्हां बुजविण्यास आरंभ झाला.

अमेरिकेची गोष्ट वेगळ्याच जातीची. शस्त्र बाळगण्याचा हक्क तेथील राज्यघटनेंत १७९१ पासून आहे, आणि तो घरांत स्वसंरक्षणासाठीं व्यक्तीस आहे असा निर्णय वरिष्ठ न्यायालयानें २००८ सालीं दिला. त्या देशांत माणसांपेक्षां बंदुकांची संख्या अधिक असल्याचा अंदाज आहे. बंदुकीनें जे मरतात त्यांतील निम्म्याहून अधिक स्वतःच्याच हातानें मरतात, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते; चोरासाठीं कपाटांत ठेविलेलें हत्यार घरच्याच एखाद्या खचलेल्या जिवाच्या हातीं लागतें. इंद्राची ठेव ती हीच.

तेथेंही बायकाच प्रथम उठल्या. १४ मे २००० रोजीं, मातृदिनीं, वॉशिंग्टन येथें लाखों मातांचा मेळावा भरला. फळ फारसें मिळालें नाहीं. उलट १९९४ सालीं घातलेली लष्करी धर्तीच्या रायफलींवरील बंदी २००४ सालीं मुदत संपून गळून पडली. १४ डिसेंबर २०१२ रोजीं सँडी हूक येथील शाळेंत २० मुलें व ६ मोठीं माणसें मारलीं गेलीं. दुसऱ्याच दिवशीं इंडियाना प्रांतांतील शॅनन वॉट्स नांवाच्या पांच मुलांच्या आईनें आपल्या स्वयंपाकघरांतून इतर मातांस हांक मारली, आणि तिची संस्था प्रांतोप्रांतीं पसरली. तरीही पुढच्या एप्रिलांत गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी वाढविण्याचा साधा ठराव सीनेटांत फसला. त्यास ५४ मतें पडलीं. तेथील नियमाप्रमाणें ६० हवीं होतीं. केंद्राचा सांगण्यासारखा कायदा व्हावयास २०२२ साल उजाडावें लागलें.

त्या मधल्या काळांत, १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं, फ्लॉरिडांतील पार्कलंड गांवच्या शाळेंत १७ जण मारले गेले. ह्या वेळीं बोलावयास आईबापांच्या आधीं मुलेंच उभीं राहिलीं. तीं सोळा-सतरा वर्षांचीं होतीं व त्यांस बोलतां येत होतें. तीन आठवडे होतात न होतात तोंच, बंदुकवाल्यांचें मोठें माहेरघर समजल्या जाणाऱ्या त्या प्रांतानें बंदूक विकत घेण्याचें वय १८ वरून २१ वर नेलें, आणि धोक्याच्या माणसाचें हत्यार न्यायालयाच्या हुकुमानें काढून घेण्याची तरतूद केली. त्या मुलांस मार्चच्या १३ तारखेस डनब्लेनहून एक पत्र आलें. बावीस वर्षांपूर्वीं ज्यांचीं मुलें गेलीं होतीं, त्या घरच्या माणसांनीं तें लिहिलें होतें. आम्हीं राज्यकर्त्यांस हलविलें, तुम्हांसही तें करतां येईल, तुम्ही जेथें जेथें जाल तेथें मनानें आम्ही बरोबर आहों, असा त्याचा भावार्थ होता. त्यानंतर अकराव्या दिवशीं, २४ मार्च रोजीं, वॉशिंग्टनचे रस्ते त्या मुलांनीं भरून गेले.